दोन गाठी एकच की वेगळ्या? गणित हे कसं ओळखतं

एका चार्जिंग केबलपायी मी मिसळीच्या दोन प्लेट हरलोय. ती गोष्ट आधी सांगतो, कारण या लेखातला मुख्य प्रश्न तिच्यातच आहे.

घरात दोन जुन्या, बंद पडलेल्या केबल होत्या. पहिलीला मी एक साधी गाठ मारली आणि तिची दोन्ही टोकं चिकटपट्टीने एकमेकांना जोडून टाकली. दुसरीला जरा वेगळी गाठ मारली आणि तिचीही टोकं तशीच जोडली. मग धाकट्या आतेभावाला म्हणालो, "चिकटपट्टी न काढता, केबल न कापता, पहिलीची दुसरी करून दाखव. नाहीच होणार." त्याने विचारलं, "कशावरून नाही होणार?" मी म्हटलं, "पहिलीत केबल स्वतःला तीनदा ओलांडते, दुसरीत चारदा. मोज." त्याने पहिलीचा एक कोपरा धरून नुसता पीळ दिला. "दादा, आता मोज." झाली की चार!

मग अर्धा तास मीच ओढाताण करून पाहिली. पहिलीची दुसरी काही होईना. "बघ, होत नाही." तर हा म्हणतो, "तुला जमत नाही म्हणजे कुणालाच जमणार नाही का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिसळ गेली.

आता उत्तर आहे. त्याला म्हणतात इन्व्हेरियंट.

आधी गाठ म्हणजे काय ते ठरवू

गणितातल्या गाठीला मोकळी टोकं नसतात. दोराला हवे तेवढे गुंते घाला आणि शेवटी दोन्ही टोकं जोडून टाका. तयार झालेलं ते बंद वेटोळं म्हणजे गाठ. टोकं मोकळी राहिली तर कुठलीही गाठ कधी ना कधी सोडवता येते, म्हणून ही अट.

आपल्या भाषेत सुरगाठ आणि निरगाठ असे दोन शब्द आहेत. सुरगाठ टोक ओढलं की सुटते, निरगाठ सुटता सुटत नाही. गणितवाल्यांना हा फरक फार जवळचा वाटेल. कारण साधी सुरगाठ मारून टोकं जोडलीत, तर ते वेटोळं हलवून हलवून सरळ गोल होतं. म्हणजे त्यांच्या हिशेबात ती गाठच नाही! अशा साध्या गोलाला ते 'अनॉट' म्हणतात. आपण 'नगाठ' म्हणू.

खरी गाठ म्हणावी अशी सगळ्यात लहान गाठ तीन क्रॉसिंगची. क्रॉसिंग म्हणजे चित्रात दोर स्वतःवरून जातो ती जागा. या गाठीचं नाव ट्रेफॉइल. तीन पाकळ्यांसारखी दिसते. माझी पहिली केबल तीच होती. दुसरी होती चार क्रॉसिंगची 'फिगर-एट'. ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते, आपल्या ८ शी तिचं काही नातं नाही.

दोन गाठी 'एकच' कधी? दोर न कापता, नुसता ओढून, वळवून, ताणून एकीची दुसरी करता आली तर. १९२० च्या दशकात कुर्ट रायडेमायस्टर यांनी (आणि त्याच सुमारास अलेक्झांडर व ब्रिग्ज या जोडीनेही) एक फार कामाची गोष्ट सिद्ध केली. तुम्ही दोर कसाही हलवा, कागदावरच्या चित्रात तीनच प्रकारचे बदल होतात. पहिला, एखाद्या जागी पीळ पडणं किंवा निघणं. दुसरा, दोराचा एक भाग शेजारच्या भागावर सरकणं किंवा तिथून मागे येणं. तिसरा, एखाद्या क्रॉसिंगच्या वरून किंवा खालून तिसरा दोर पलीकडे सरकणं. बस. कितीही मोठी खटपट केलीत तरी ती या तीन चालींचीच मालिका असते.

मग या चाली एकामागून एक लावून बघत बसायचं आणि जमलं नाही की 'वेगळ्या' म्हणायचं? इथेच भावाचा प्रश्न आडवा येतो. कुठे थांबायचं? मार्क लॅकेनबी यांनी नगाठीसाठी एक हद्द काढली आहे. चित्रात जितकी क्रॉसिंग असतील त्या संख्येला २३६ ने गुणा आणि येणाऱ्या उत्तराचा अकरावा घात करा. वेटोळं खरंच नगाठ असेल, तर तेवढ्या चालींच्या आत ते सुटतंच. चार क्रॉसिंगच्या चित्रासाठी हा आकडा ३३ अंकी येतो. म्हणजे सिद्धता पक्की, पण प्रत्यक्षात करून बघायचं म्हटलं तर जन्म पुरायचा नाही.

इन्व्हेरियंट: न बदलणारी खूण

म्हणून उलट्या बाजूने जायचं. गाठीची अशी एखादी खूण शोधायची, जी या तिन्ही चालींनी बदलतच नाही. ती खूण संख्या असेल, हो-नाही असं उत्तर असेल किंवा एखादी बहुपदी असेल. दोन गाठींची खूण वेगळी आली की विषय संपला. त्या वेगळ्या आहेत, आणि जगातला कुठलाही हुशार माणूस एकीची दुसरी करू शकणार नाही.

पण खूण सारखी आली तर? तर काहीच सिद्ध होत नाही. रक्तगटासारखं समजा. दोन नमुन्यांचे रक्तगट वेगळे निघाले तर ते दोन माणसांचे, नक्की. दोन्ही 'ओ पॉझिटिव्ह' निघाले तर? अर्धं गाव ओ पॉझिटिव्ह असू शकतं. हा एकतर्फीपणा नीट लक्षात ठेवा. नॉट थिअरी वाचताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, माझाही झाला होता.

आता माझी चूक कळेल. समोरच्या चित्रातली क्रॉसिंग मोजणं हे इन्व्हेरियंट नाही, कारण पहिल्याच चालीने, नुसत्या पिळाने, ती संख्या बदलते. 'या गाठीच्या सगळ्या शक्य चित्रांमधली सगळ्यात कमी क्रॉसिंग' हे मात्र इन्व्हेरियंट आहे. पण ते काढायचं कसं? याहून कमीचं चित्र नाहीच, हे कोण सांगणार? खूण आहे, पण हाती लागत नाही.

तीन स्केचपेनची परीक्षा

हाती लागणारी खूण हवी असेल तर तीन स्केचपेन घ्या. लाल, निळं, हिरवं. ही युक्ती राल्फ फॉक्स या गणितज्ञाची.

कागदावर गाठ काढा. दोर जिथे खालून जातो तिथे रेघ थोडी तोडा, म्हणजे वरचा कुठला आणि खालचा कुठला ते दिसेल. आता चित्र तुकड्यांचं झालं. प्रत्येक तुकड्याला एक रंग द्यायचा. अट अशी की प्रत्येक क्रॉसिंगवर भेटणारे तीन तुकडे (एक वरचा, दोन खालचे) एकतर तिन्ही एकाच रंगाचे किंवा तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे हवेत. दोन लाल आणि एक निळा असं चालणार नाही. आणि अख्ख्या चित्रात किमान दोन रंग वापरले गेले पाहिजेत, नाहीतर सगळं लाल करून कुणीही पास होईल.

ट्रेफॉइलमध्ये तीनच तुकडे, आणि प्रत्येक क्रॉसिंगवर ते तिन्ही भेटतात. तिघांना तीन रंग द्या, पास. नगाठीच्या साध्या गोलात एकच तुकडा, म्हणजे एकच रंग, नापास.

ही खूण चालींनी बदलत नाही कशावरून? पीळ घालून बघा. पिळाच्या क्रॉसिंगवर वरचा तुकडा आणि खालचा एक तुकडा हे एकच असतात, म्हणजे दोघांचा रंग एकच, म्हणून नियमाने तिसऱ्यालाही तोच रंग घ्यावा लागतो. पीळ काढलात तरी रंगात काही बिघडत नाही. दुसऱ्या चालीत मध्ये एक छोटा नवा तुकडा तयार होतो. वरचा आणि खालचा दोर वेगळ्या रंगांचे असतील तर त्या तुकड्याला उरलेला तिसरा रंग द्या, एकाच रंगाचे असतील तर तोच रंग. तिसऱ्या चालीत चार-पाच शक्यता तपासाव्या लागतात, पण प्रत्येक ठिकाणी रंग जुळवता येतात. कागद-पेन घेऊन एकदा खरंच करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

तर ट्रेफॉइल पास, नगाठ नापास. म्हणजे ट्रेफॉइल कधीच सुटणार नाही. 'मला जमलं नाही' असं नाही, तर 'जमणारच नाही'. केबलला हातही न लावता.

आता फिगर-एट. तिच्यात चार तुकडे आणि चार क्रॉसिंग. दोरावरून चालत जाताना येतील तशी तुकड्यांना क, ख, ग, घ नावं देऊ. प्रत्येक क्रॉसिंगवर यातले तीन भेटतात आणि एक सुटतो, दर वेळी वेगळा. समजा क, ख, ग भेटतात तिथे तीन वेगळे रंग दिले: क लाल, ख निळा, ग हिरवा. ख, ग, घ भेटतात तिथे घ लाल हवा. पण ग, घ, क भेटतात तिथे घ निळा हवा. एकच तुकडा लालही आणि निळाही कसा असेल? आणि सुरुवातीलाच तिघांना एक रंग दिला, तर घ पण त्याच रंगाचा होतो. म्हणजे नापास. ट्रेफॉइल पास आणि फिगर-एट नापास, तेव्हा त्या दोन वेगळ्या गाठी आहेत. हेच मला त्या दिवशी भावाला सांगायचं होतं.

पण सावध. फिगर-एट नापास झाली आणि नगाठही नापास झाली, तर त्या दोघी एकच का? नाही. इथे रक्तगट आठवा. तीन रंगांची परीक्षा त्यांना वेगळं करू शकत नाही एवढंच. त्यासाठी पाच 'रंग' लागतात. रंगांऐवजी ० ते ४ हे आकडे घ्या आणि नियम असा ठेवा: वरच्या तुकड्याच्या आकड्याची दुप्पट आणि खालच्या दोघांची बेरीज यांच्यातल्या फरकाला ५ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. क ला ०, ख ला १, ग ला ४, घ ला ३ द्या. क वर असताना खाली ख आणि ग: दुप्पट ०, बेरीज ५. ख वर असताना खाली ग आणि घ: २ आणि ७. ग वर असताना घ आणि क: ८ आणि ३. घ वर असताना क आणि ख: ६ आणि १. चारही ठिकाणी फरक ५ चा. फिगर-एट पास, आणि साधा गोल इथेही नापास. (५ च्या जागी ३ घातला की हाच नियम आपला तीन रंगांचा नियम होतो. ताळा करून बघा.)

तक्त्यातली घोडचूक

गाठींचे तक्ते एकोणिसाव्या शतकापासून बनत आले. त्याला निमित्त झाला लॉर्ड केल्विन यांचा एक अंदाज, की अणू म्हणजे ईथरमधल्या भोवऱ्यांच्या गाठी असाव्यात. अंदाज साफ चुकला, पण त्या नादात पीटर टेट आणि चार्ल्स लिटल यांनी वर्षानुवर्षं हाताने गाठींची यादी केली. पुढे तक्ता असा ठरला: तीन क्रॉसिंगची १, चारची १, पाचच्या २, सहाच्या ३, सातच्या ७, आठच्या २१, नऊच्या ४९, आणि दहाच्या १६६. (आरशातली प्रतिमा यात वेगळी धरत नाहीत, आणि दोन गाठी जोडून झालेल्या गाठीही मोजत नाहीत.)

यातला शेवटचा आकडा चुकीचा होता. दहा क्रॉसिंगच्या दोन गाठी ७० हून अधिक वर्षं शेजारी शेजारी वेगळ्या म्हणून छापल्या जात होत्या. १९७३ मध्ये केनेथ पर्को यांनी दाखवून दिलं की एकीची दुसरी करता येते. त्या एकच आहेत! पर्को तेव्हा न्यूयॉर्कमध्ये वकिली करत होते. १६६ चे १६५ झाले, आणि ती जोडी आजही 'पर्को पेअर' म्हणून ओळखली जाते.

लिटल यांचा घोळ कशामुळे झाला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्रॉसिंगना दिशेप्रमाणे अधिक-उणे चिन्हं देऊन केलेली बेरीज, जिला 'राइथ' म्हणतात, ती अनावश्यक पीळ नसलेल्या चित्रांमध्ये बदलत नाही असं त्यांनी धरलं होतं. या दोन चित्रांची राइथ वेगळी, म्हणून गाठी वेगळ्या. पण राइथ बदलते. म्हणजे मी भावासमोर केलेली चूकच त्यांनी केली होती, फक्त बऱ्याच वरच्या पातळीवर.

आकड्यांकडून बहुपदींकडे

१९२८ मध्ये जेम्स अलेक्झांडर यांनी गाठीला आकड्याऐवजी बहुपदी जोडली. ट्रेफॉइलची येते 'क्ष वर्ग − क्ष + १', फिगर-एटची 'क्ष वर्ग − ३क्ष + १', नगाठीची नुसती '१'. आता गंमत बघा. क्ष च्या जागी −१ घाला. ट्रेफॉइलचं उत्तर १ + १ + १, म्हणजे ३. फिगर-एटचं १ + ३ + १, म्हणजे ५. आपल्याला तीन आणि पाच रंग लागले होते ते इथे लपलेले आहेत.

पण अलेक्झांडरच्या बहुपदीला उजवं-डावं कळत नाही. ट्रेफॉइल आरशात बघा. वर-खाली सगळं उलटं झालेली दुसरी गाठ दिसेल. या दोघी वेगळ्या आहेत हे माक्स डेन यांनी १९१४ मध्येच सिद्ध केलं होतं, पण बरीच अवघड वाट घेऊन. सोपी खूण १९८४ मध्ये मिळाली. ती शोधणारे व्हॉन जोन्स गाठींवर कामच करत नव्हते. ते 'फॉन नॉयमन अल्जिब्रा' नावाच्या पूर्ण वेगळ्या विषयात होते आणि तिथली समीकरणं गाठींशी जुळताना दिसली. जोन्स बहुपदीत ट्रेफॉइलच्या एका रूपाला 'क्ष + क्ष घन − क्ष चा चौथा घात' मिळतं, आणि आरशातल्या रूपाला तेच, पण प्रत्येक क्ष च्या जागी १/क्ष. दोन उत्तरं वेगळी, म्हणजे गाठी वेगळ्या. फिगर-एटच्या बहुपदीत मात्र असा बदल केला तरी ती तशीच राहते, आणि खरोखरच ती गाठ तिच्या आरशातल्या प्रतिमेत बदलता येते. जोन्स यांना १९९० चं फील्ड्स मेडल मिळालं. ते न्यूझीलंडचे, म्हणून क्योटोमधलं आपलं भाषण त्यांनी तिथल्या रग्बी संघाची जर्सी घालून दिलं!

जोन्स बहुपदीची किंमत मोजावी लागते ती हिशेबात. सरळ पद्धतीने काढायची तर प्रत्येक क्रॉसिंग दोन प्रकारे मोकळं करून सगळ्या शक्यतांची बेरीज करावी लागते. १० क्रॉसिंगला १,०२४ शक्यता, तुमचा फोन क्षणात उरकेल. ३० क्रॉसिंगला १०७ कोटींहून जास्त. यापेक्षा हुशार पद्धती आहेत, पण मोठ्या गाठींसाठी हे काम मुळातच जड आहे. अलेक्झांडरची बहुपदी त्या मानाने फारच स्वस्त पडते. आणि एवढी किंमत मोजूनही एक प्रश्न आजवर सुटलेला नाही: नगाठ सोडून अशी दुसरी एखादी गाठ आहे का, जिची जोन्स बहुपदीही '१' च येते?

खिशातला इअरफोन

तारेचा इअरफोन खिशात ठेवला की गाठी आपोआप पडतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी २००७ मध्ये याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. डब्यात दोरी टाकायची, डबा गोल फिरवायचा, उघडून बघायचं. असं ३,४१५ वेळा केलं. काही सेकंदांतच गुंतागुंतीच्या गाठी पडत होत्या. पण कुठली गाठ पडली हे डोळ्यांनी ठरवणं अवघड, म्हणून दोरीच्या चित्रावरून संगणकाने जोन्स बहुपदी काढली. १२० वेगवेगळ्या प्रकारच्या गाठी सापडल्या, कमीत कमी ११ क्रॉसिंग लागणाऱ्याही. त्यांना २००८ चं इग नोबेल मिळालं. ते हसवण्यासाठी दिलं जातं खरं, पण शुद्ध गणितातून आलेली खूण इथे मोजपट्टीसारखी वापरली गेली, आणि ते मला अजिबात हसण्यासारखं वाटत नाही.

पेशीतल्या डीएनएचाही असाच गुंता होतो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइम्स असतात. ती डीएनए कापतात, त्या फटीतून दुसरा धागा पलीकडे नेतात आणि काप पुन्हा जोडतात. म्हणजे आपल्या खेळात ज्याला बंदी आहे तेच करतात. जिवाणूंचं हे काम बंद पाडणारं औषध तुमच्या ओळखीचं असेल: सिप्रोफ्लॉक्सासिन.

असे किती काप घेतले की गाठ सुटते, हेही एक इन्व्हेरियंट आहे, 'अनॉटिंग नंबर'. सात क्रॉसिंगची एक गाठ सोडवायला असे तीन बदल लागतात. ती आणि तिची आरशातली प्रतिमा एकाच दोरात ओवली तर किती लागतील? तीन अधिक तीन, सहा, असंच बहुतेकांना अनेक दशकं वाटत होतं. २०२५ मध्ये मार्क ब्रिटनहॅम आणि सुझन हर्मिलर यांनी संगणकाच्या मदतीने पाचात करून दाखवलं.

स्वतः करून बघायचं असेल तर

संगणकावर 'स्नॅपपाय' हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. त्यात गाठ माउसने काढता येते आणि तिची इन्व्हेरियंट्स काढून मिळतात. तयार तक्ते हवे असतील तर 'नॉटइन्फो' नावाचं संकेतस्थळ फोनवरही उघडतं. १९९८ मध्ये होस्ट, थिसलथ्वेट आणि वीक्स यांनी १६ क्रॉसिंगपर्यंतच्या १७,०१,९३६ गाठींची यादी केली होती, तीही संगणकावरच. पण माझं ऐकाल तर सुरुवात स्केचपेननेच करा. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण 'जमणारच नाही' हे स्वतःच्या हाताने सिद्ध करण्याची मजा त्यात नाही.

भावाला मी चार तुकडे आणि दोन रंगांची भानगड समजावली. त्याने घ ला लाल करून पाहिलं, निळं करून पाहिलं, मग हिरवंही. "बरं," म्हणाला, "या वेगळ्या आहेत." मग आईचा लोकरीचा गुंडा उचलून आणला, त्यातून पाच क्रॉसिंगच्या दोन गाठी बनवल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. तीन रंगांच्या परीक्षेत दोन्ही नापास. पाच आकड्यांच्या परीक्षेत एक पास झाली. दुसरीला सात लागले.